डॉक्टर, एक विचारायचं होतं...

पाळी पुढे ढकलायची गोळी बिनधास्त मागितली जाते, पाळणा लांबवायची गोळी मात्र कुजबुजत. भिवंडीतल्या मेडिकलच्या काउंटरपासून डॉक्टरांच्या केबिनपर्यंत पोहोचताना नेमकं काय विचारायचं, काय सांगायचं आणि कशाला अजिबात घाबरायचं नाही, त्याची ही तयारी!

गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात धामणकर नाक्यावरच्या, मंडईतल्या किंवा तुमच्या घराजवळच्या कुठल्याही मेडिकलसमोर जरा वेळ उभ्या राहा. 'पाळी पुढे ढकलायची गोळी द्या हो,' असं कुणी ना कुणी खणखणीत आवाजात मागताना ऐकू येईल. कधी कधी तर सासूबाई स्वतः सुनेसाठी न्यायला येतात. घरात पूजा आहे, पाहुणे यायचेत, सुनेची 'अडचण' नको. मेडिकलवालाही निवांत स्ट्रिप कापून देतो. लाज नाही, लपवाछपवी नाही, आणि बहुतेक वेळा डॉक्टरांची चिठ्ठीही नाही.

आता दुसरा सीन. कॉलेजमधली मुलगी. चेहऱ्यावर पिंपल्स, पाळी दोन-दोन महिने गायब. आई तिला डॉक्टरांकडे नेते, सोनोग्राफी होते, 'पीसीओडी' असल्याचं कळतं आणि तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून मिळतात. रोज रात्री आईच आठवण करून देते, 'गोळी घेतलीस का गं?' त्या पाकिटावर बारीक अक्षरांत काय छापलंय ते वाचलं, तर आईला घाम फुटेल. कारण अनेकदा त्या चक्क गर्भनिरोधक गोळ्याच असतात!

आणि हा तिसरा सीन. लग्नाला सहा महिने झालेली, नोकरी करणारी मुलगी. तिलाही तशीच गोळी हवी आहे, पण मूल दोन वर्षं लांबवण्यासाठी. ती ओळखीचं मेडिकल टाळते, दुसऱ्या नाक्यावरचं गाठते, काउंटरवर दोन पुरुष उभे दिसले की डोकेदुखीची गोळी घेऊन घरी परतते.

तिन्ही गोळ्या एकाच खानदानातल्या, हॉर्मोन्सच्या. म्हणजे लाज गोळीला चिकटलेली नाहीच, ती चिकटलीय गोळी घेण्याच्या कारणाला. (एक खुलासा आत्ताच. पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली म्हणजे दिवस राहणार नाहीत, असं समजू नका. ती त्यासाठी नसते.) यात गंमत वाटण्यासारखं बरंच आहे, पण एक गोष्ट गंभीर आहे. या लाजेपायी जे राहून जातं, ते म्हणजे डॉक्टरांशी बोलणं. आणि या गोळ्यांच्या बाबतीत तेच सगळ्यात महत्त्वाचं असतं.

शहर मोठं, ओळखी दाट

भिवंडी म्हटलं की यंत्रमागांची खटखट, हे समीकरण जुनं. आता त्याला जोड मिळालीय ती गोडाऊनची. माणकोली, दापोडा, काल्हेर, पूर्णा... आपण मोबाइलवर बोट दाबून मागवलेली कितीतरी खोकी याच पट्ट्यातून निघतात. त्यामुळे पॅकिंगच्या लाइनवर उभ्या राहणाऱ्या, लॉजिस्टिक्सच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या, बँकेत, शाळेत, क्लासमध्ये शिकवणाऱ्या, रोज रिक्षाने कल्याण किंवा ठाणं गाठून पुढे लोकल पकडणाऱ्या मुली इथे घरोघरी आहेत. घरची भाषा कुणाची आगरी, कुणाची उर्दू, पद्मानगरात कुणाची तेलुगू. पण लग्नानंतर सहाव्या महिन्यात विचारला जाणारा प्रश्न सगळ्या भाषांत एकच असतो. 'काय मग, गुड न्यूज कधी?'

या प्रश्नाचं उत्तर नवरा-बायकोने मिळून ठरवलेलं असतं. होम लोनचे हप्ते, प्रमोशन, अर्धवट राहिलेलं बी.एड., किंवा नुसतं 'अजून आम्ही दोघंच नीट ओळखत नाही एकमेकांना.' ठरवणं सोपं असतं, अंमलबजावणी अवघड. कारण आपले फॅमिली डॉक्टर हे खरोखरच अख्ख्या फॅमिलीचे असतात. सासऱ्यांची शुगर, दिरांचा ताप, नणंदेचं बाळंतपण, सगळं त्यांच्याच वहीत. त्यांच्यासमोर हा विषय काढायचा कसा? वेटिंगमध्ये शेजारच्या काकू भेटल्या तर?

मग काय होतं? मैत्रिणीने सांगितलेली गोळी, नवऱ्याने आणलेली गोळी, नाहीतर 'बघू, काळजी घेऊ' या भरवशावरचा संसार. आणि मग एक मूल, लगोलग दुसरं, आणि त्यानंतर थेट ऑपरेशन. २०१९ ते २१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे बघा. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांचं नसबंदीचं ऑपरेशन झालेलं होतं. रोजच्या गोळ्या घेणाऱ्या होत्या ५.१ टक्के. आणि नवऱ्यांची नसबंदी? ०.३ टक्के! म्हणजे 'मूल नकोच' यासाठीचा उपाय घराघरांत पोहोचला, पण 'मूल हवंय, आत्ता नकोय' यासाठीचा मधला टप्पा आपल्याकडे जवळजवळ गायबच आहे.

उत्तर दिलं म्हणून खटला!

हा अवघडलेपणा काही आजचा नाही. प्रा. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केलं. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. या कामापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढलं आणि १९५३ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत चालवलं. अमोल पालेकरांचा २००१ मधला 'ध्यासपर्व' ज्यांनी पाहिलाय, त्यांना किशोर कदम यांनी उभे केलेले कर्वे आठवत असतील.

पण आपल्या विषयाशी थेट नातं आहे ते १९३४ च्या खटल्याचं. अश्लीलतेच्या आरोपाखाली कर्व्यांना कोर्टात खेचलं गेलं, आणि ठपका होता तो वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना मासिकातून दिलेल्या उत्तरांवर. लोकांनी प्रश्न विचारले, यांनी शास्त्राला धरून उत्तरं दिली, एवढाच काय तो गुन्हा. कोर्टात त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला. पण प्रश्न विचारणाऱ्यांची पत्रं काही थांबली नाहीत.

पुढे १९४९ मध्ये मुंबईतच फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, १९५२ मध्ये सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू झाला. प्रश्न विचारणं आता गुन्हा राहिलेला नाही. राहिलाय तो फक्त संकोच.

गोळीचं गुपित

गंमत म्हणजे गोळीनेसुद्धा जगात प्रवेश केला तो असाच, दुसऱ्या नावाने! अमेरिकेत १९५७ मध्ये 'एनोविड' नावाच्या गोळीला परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींसाठी. गर्भनिरोधक म्हणून ती मान्य व्हायला १९६० साल उजाडलं. म्हणजे 'पाळी रेग्युलर करायची गोळी' हा आडपडदा आपल्याच आयांचा शोध नाही, बरं का!

काम कसं करते ही गोळी? नेहमीच्या गोळीत दोन हॉर्मोन्स असतात, इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन. ती बीजकोशातून बीज बाहेर पडू देत नाहीत. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट करतात, त्यामुळे शुक्राणूंची वाट अडते. बीजच नाही, तर गर्भ कुठला? म्हणजे ही गोळी गर्भ 'पाडत' नाही, राहूच देत नाही.

अचूक घेतली तर वर्षभरात हजारात तीन जणींना दिवस राहतात. पण माणूस म्हटला की विसरणं आलं. रोजच्या आयुष्यात, विसरत-आठवत घेतली तर हेच प्रमाण वर्षाला शंभरात सातपर्यंत जातं. म्हणजे गोळी चांगली की वाईट यापेक्षा ती आपल्या दिनक्रमात बसते की नाही, हा प्रश्न मोठा.

डॉक्टर तुम्हाला काय विचारतील?

आपण मनात घोळवत असतो, 'डॉक्टरांना कसं विचारू?' खरं तर केबिनमध्ये जास्त प्रश्न डॉक्टरांनी आपल्याला विचारायचे असतात. आणि त्यात चारित्र्याबद्दलचा एकही नसतो. निरोगी तरुण मुलीला ही गोळी बहुतेक वेळा चालते. ज्या थोड्याजणींना चालत नाही, त्या ओळखून काढायच्या, एवढ्यासाठीच ही विचारपूस.

ब्लडप्रेशर : गोळी सुरू करण्याआधीची सगळ्यात महत्त्वाची तपासणी हीच. दंडाला पट्टा, दोन मिनिटं, झालं. वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या पुढे असेल, तर ही दोन हॉर्मोन्सची गोळी सहसा देत नाहीत, दुसरा उपाय निवडतात. आणि हो, टेन्शन घेऊ नका. नुसती गोळी सुरू करण्यासाठी आतून तपासणी करण्याची गरज नसते. अनेकजणी केवळ त्या भीतीने जात नाहीत!

डोकेदुखी : 'माझं डोकं दुखतं' एवढं सांगून थांबू नका. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांसमोर नागमोडी, चमकत्या रेषा किंवा ठिपके येतात का? हाताला, चेहऱ्याला मुंग्या येतात का? अशी मायग्रेन असेल, तर इस्ट्रोजेनची गोळी नको. पक्षाघाताचा धोका वाढतो.

रक्ताच्या गुठळ्या : पायाच्या आतल्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली होती का? आई-वडील, भावंडांपैकी कुणाला कमी वयात झाली होती का? हा इतिहास दडवायचा नाही.

सिगारेट : वय पस्तिशीच्या पुढे आणि सिगारेट सुरू, असं असेल तर ही गोळी टाळतात. ऑफिसच्या गच्चीवरच्या 'सोशल' सिगारेटीही मोजायच्या, बरं!

चालू औषधं : हा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिट येऊ नये म्हणून दिली जाणारी काही औषधं गोळीचा असर कमी करतात. टीबीचा कोर्स चालू आहे हे लाजून लपवलं आणि गोळीवर विसंबून राहिलं, तर दिवस राहू शकतात. यकृताचा आजार, स्तनाचा कॅन्सर, आधी झालेली कावीळ, हेही सांगायचं.

बाळ अंगावर पितं का : बाळंतपणानंतर पहिले सहा आठवडे ही गोळी अजिबात नाही. बाळ अंगावर पीत असेल तर साधारण सहा महिने दुसरा उपाय वापरायला सांगतात.

यातली एकही गोष्ट मेडिकलच्या काउंटरवर कुणी विचारत नाही. म्हणून तर दहा मिनिटं केबिनमध्ये बसायचं!

रिहर्सल करूया?

समजा, तुम्ही गेलात. तोंड कसं उघडायचं ते आधी ठरलेलं असलं की निम्मं काम झालं. संवाद साधारण असा होईल.

'बसा. काय होतंय?'

'होत काही नाही डॉक्टर. मला पाळणा लांबवायच्या गोळ्या सुरू करायच्यात. त्या मला चालतील का, हे विचारायला आलेय.'

'लग्नाला किती दिवस झाले?'

'आठ महिने.'

आता इथे एक बाउन्सर येऊ शकतो. 'अहो, मग आत्ता कशाला? पहिलं होऊन जाऊ द्या, मग बघू!' काही डॉक्टरही असं म्हणतात, प्रेमाने म्हणतात. पण पहिलं मूल होण्याआधी ही गोळी चालत नाही, असं वैद्यकशास्त्र सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत मूल न झालेल्या स्त्रीवर या गोळीसाठी कुठलीच आडकाठी नाही. तेव्हा न चिडता, न ओशाळता म्हणा, 'आमचं दोन वर्षांनी ठरलंय डॉक्टर. माझ्या तब्येतीच्या दृष्टीने काही अडचण आहे का, तेवढं तपासून सांगाल का?' चेंडू पुन्हा वैद्यकीय मैदानात! तरीही उपदेशच चालू राहिला, तर फी द्या, नमस्कार करा आणि दुसरे डॉक्टर गाठा. कल्याण-ठाण्याला जाणं म्हणजे पळवाट नव्हे. ओळखीचं कुणी भेटणार नाही या निर्धास्तपणाने मोकळं बोलता येत असेल, तर रिक्षाचं भाडं वसूल.

आणि सासूबाई सोबत केबिनमध्ये आल्या तर? 'आई, तुम्ही जरा बाहेर बसता का, तपासायचंय,' एवढं पुरतं. डॉक्टरांना तसं हळूच सुचवलंत, तर बहुतेकवेळा तेच हे काम करून टाकतात.

कुठली गोळी घेऊ?

सरकारी कार्यक्रमातली गोळी म्हणजे 'माला-एन', ती मोफत असते. तिचीच बहीण 'माला-डी' मेडिकलमध्ये स्वस्तात मिळते. पाकिटात २८ गोळ्या. त्यातल्या २१ हॉर्मोनच्या आणि ७ तपकिरी, लोहाच्या. तपकिरी गोळ्यांच्या दिवसांत पाळी येते. त्या सात गोळ्या सवय मोडू नये म्हणून असतातच, शिवाय आपल्याकडच्या रक्तक्षयावरही थोडा उतारा.

खासगी डॉक्टर लिहून देतात त्या पाकिटांत प्रोजेस्टिन वेगवेगळं असतं. किंमतही वेगळी, पॅकिंगही गुळगुळीत. पण महाग ती सुरक्षित, असं समीकरण इथे चालत नाही. माला-डीमध्ये असणाऱ्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलपेक्षा काही नव्या प्रोजेस्टिन्समध्ये गुठळीचा धोका किंचित जास्त आढळलाय. तेव्हा 'मला हीच का दिलीत?' हे जरूर विचारा. तेलकट त्वचा, पीसीओडी अशी कारणं असू शकतात, आणि ती रास्तही असू शकतात.

तिसरा पर्याय अस्सल देशी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली 'सहेली'. ती १९९१ मध्ये बाजारात आली. हीच गोळी सरकारी कार्यक्रमात 'छाया' नावाने मोफत मिळते. हिच्यात हॉर्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, मग आठवड्यातून एकदा. बाळ अंगावर पीत असतानाही चालते. मात्र पाळी लांबू शकते, आणि पीसीओडी असणाऱ्यांना ती सहसा देत नाहीत.

भिवंडीत सरकारी सेवेची चौकशी इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात करता येते. आशाताई घरपोच गोळ्या देऊ शकतील अशी योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये आणली होती, एका पाकिटाला फक्त एक रुपया. तेव्हा गावात किंवा वस्तीत आशाताई येत असतील तर त्यांनाही विचारा. आणि गोळ्या जमणारच नाहीत असं वाटलं, तर तांबी आहे, तीन महिन्यांचं 'अंतरा' इंजेक्शन आहे, निरोध तर आहेच.

पहिले तीन महिने, धीर धरा!

गोळी सुरू करायची पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत. तेव्हा सुरू केली तर संरक्षण लगेच. मध्येच सुरू केली, तर पुढचे सात दिवस निरोध वापरायचा.

यानंतर येतो खरा कसोटीचा काळ. मळमळ, छाती जड वाटणं, थोडं डोकं दुखणं, आणि मधूनच अंगावरून थोडं जाणं. बहुतेकजणी इथेच घाबरतात आणि पाकीट कपाटात टाकतात. डॉक्टरांनी आधी सांगितलेलं असतं, तर घाबरल्या नसत्या! हा त्रास सहसा तीन महिन्यांत कमी होतो. रात्री जेवणानंतर गोळी घेतली तर मळमळही सुसह्य होते. मन सारखं उदास राहतंय असं वाटलं, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

वेळ एकच धरा. लूमच्या पाळ्या बदलत असतील, गोडाऊनला नाइट शिफ्ट असेल, तर मोबाइलचा अलार्म. रमजानचे रोजे असतील, तर इफ्तारनंतरची वेळ ठरवा. गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांत उलटी झाली, तर आणखी एक घ्यावी लागते.

विसरलात? एक गोळी राहिली तर आठवताक्षणी घ्या, पुढची नेहमीच्या वेळी, भले एका दिवशी दोन होवोत. दोन किंवा जास्त राहिल्या, तर आठवेल तेव्हा एक घ्या, पुढच्या रोज चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. हा घोळ हॉर्मोनच्या शेवटच्या आठवड्यात झाला, तर तपकिरी गोळ्या वगळून थेट नवं पाकीट सुरू करायचं. पहिल्याच आठवड्यात झाला आणि संबंध आलेला असेल, तर डॉक्टरांना फोन करा, इमर्जन्सी गोळी लागू शकते. तपकिरी गोळी विसरली तर मात्र काही बिघडत नाही.

इमर्जन्सी गोळीचा विषय निघालाच आहे तर... २००७ मध्ये 'आय-पिल' आली आणि टीव्हीवरच्या जाहिरातींनी तिला घराघरांत पोहोचवलं. ही ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी चांगली. पण नावातच आहे, इमर्जन्सी! दर महिन्याला तीन-चारदा ती घेणं म्हणजे कमी संरक्षण आणि पाळीचा गोंधळ. असं होत असेल तर रोजच्या उपायाबद्दल बोलायची वेळ झालीय, एवढाच त्याचा अर्थ.

ऐकीव गोष्टींचा समाचार

'मूल होणार नाही.' गोळी बंद केल्यावर बीज पुन्हा तयार होऊ लागतं, बहुतेकींचं चक्र एक ते तीन महिन्यांत पूर्ववत होतं. गोळीमुळे वंध्यत्व येत नाही. 'मध्ये मध्ये ब्रेक घ्यावा लागतो.' गरज नाही. उलट अशा ब्रेकमध्येच दिवस राहतात.

'वजन वाढतं.' अभ्यासांमध्ये याचा ठोस पुरावा मिळालेला नाही. 'कॅन्सर होतो.' याचं खरं उत्तर अर्धं-अर्धं आहे. अंडाशय आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका गोळीने कमी होतो. स्तनाच्या आणि, बरीच वर्षं घेतल्यास, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो आणि गोळी बंद केल्यावर हळूहळू ओसरतो.

'रक्त गोठतं.' धोका वाढतो हे खरं, पण किती? अमेरिकेच्या एफडीएने २०१२ मध्ये दिलेले आकडे असे. वर्षभरात दहा हजार बायकांमागे, गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्यांमध्ये १ ते ५ जणींना गुठळी होते. गोळी घेणाऱ्यांमध्ये ३ ते ९. गरोदरपणात ५ ते २०. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत हाच दर ४० ते ६५ वर जातो. गोळीचा धोका सांगणारे बाळंतपणाचा धोका सांगायला विसरतात, नाही का?

तरी ही लक्षणं दिसली तर थांबायचं नाही. एका पायात तीव्र दुखणं किंवा सूज, छातीत कळ, अचानक धाप लागणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, दिसायला अंधुक होणं, पोटात असह्य दुखणं. गोळी बंद, आणि तडक डॉक्टर. मोठं ऑपरेशन ठरलं असेल तर सर्जनना आधीच सांगा, काही आठवडे गोळी थांबवावी लागते.

आणि एक गोष्ट गोळी करत नाही. एचआयव्ही किंवा इतर गुप्तरोगांपासून ती वाचवत नाही. त्यासाठी निरोधच.

कुणाची सही लागते?

कुणाचीच नाही. गोळी सुरू करायला नवऱ्याची परवानगी लागत नाही. सल्लामसलत जरूर करा, पण ती तुमच्या घरातली गोष्ट, डॉक्टरांच्या फॉर्मवरची नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेत रुग्णाचं गुपित राखणं हे कर्तव्यच आहे. केबिनमधलं केबिनमध्ये.

लग्न झालेलं नसेल तर? वय अठरा पूर्ण असेल, तर कायदा कुठेही आडवा येत नाही. कायद्याची भाषासुद्धा बदललीय. गर्भनिरोधक फसल्यामुळे राहिलेल्या गर्भाबाबत गर्भपाताच्या कायद्यात पूर्वी 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असे शब्द होते. २०२१ च्या दुरुस्तीने तिथे 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' आलं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने अविवाहित स्त्रियांचाही हक्क स्पष्ट शब्दांत मान्य केला. संसदेने आणि कोर्टाने जे शब्द उच्चारले, ते आपण डॉक्टरांसमोर उच्चारायला काय हरकत आहे?

पर्समध्ये ठेवायची चिठ्ठी

ऐनवेळी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून हे लिहूनच न्या, आणि बोलवत नसेल तर सरळ चिठ्ठी पुढे करा.

सांगायचं : वय, शेवटच्या पाळीची तारीख, ब्लडप्रेशर, मायग्रेन, गुठळी, कावीळ यांचा इतिहास, चालू औषधं, सिगारेट, बाळ अंगावर पितं का, मूल साधारण कधी हवंय.

विचारायचं : मला ही गोळी चालेल का, नसेल तर दुसरं काय? ही कंपनीच का? कधीपासून सुरू करू? विसरले तर काय? पहिल्या तीन महिन्यांत काय होईल? पुन्हा ब्लडप्रेशर कधी तपासू? चान्स घ्यायचा ठरला की किती आधी बंद करू?

एमबीबीएस किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ, कुणाकडेही जा. नवऱ्याला सोबत न्यायचं असेल तर बिनधास्त न्या, तोही चार गोष्टी शिकेल. पिनकोड कुठलाही असो, सगळं मिळून दहा मिनिटांचं काम आहे. तेव्हा केबिनमध्ये गेल्यावर दार नीट लावून घ्या, खुर्ची थोडी पुढे ओढा आणि मेडिकलवाल्याकडे पाळी पुढे ढकलायची गोळी मागताना असतो ना, अगदी तोच आवाज लावा!